देवरेकाकांनी बंद पाडलेलं मशीन

देवरेकाकांच्या हातून आयुष्यात एक मशीन बंद पडलं होतं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण मी बोलायला लागले की फाटे फोडते आणि मुद्दा राहून जातो. अंबडच्या वर्कशॉपांमध्ये आज कोणालाही विचारा, ही गोष्ट कोणी मान्य करणार नाही. उलट विचारणाऱ्याकडेच संशयाने बघतील. पण ती खरी आहे, आणि मला माहीत आहे, कारण तेव्हा मी तिथे होते.

मी इंदिरानगरात कॉम्प्युटरचे क्लास घेते. बिल्डिंगच्या तळमजल्यावर पुढच्या खोलीत क्लास, मागे आमचं घर. काका पहिल्या मजल्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर राहायचे. मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या एका मोठ्या कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन म्हणून त्यांनी नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झाले. रिटायर झाले म्हणजे कारखान्याने त्यांना सोडलं, त्यांनी कारखाना सोडला नव्हता. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात कॉटन वेस्टचा गोळा कोंबून ते जिना उतरायचे. मशीन पुसायला सुताचे गुंते वापरतात ना, ते. लोक खिशाला पेन लावतात, काकांच्या खिशातून ती पांढरी सुतं डोकावत असायची. कपाचा कान, गेटची कडी, काहीही हातात धरायच्या आधी ते पुसून घ्यायचे. एकदा माझ्या सासूबाईंच्या चष्म्याची काच त्यांनी बोलता बोलता पुसून दिली, चष्मा सासूबाईंच्या नाकावर असताना.

माणसांशी ते मराठीत बोलायचे आणि मशीनशी अहिराणीत. हा त्यांचा अगदी कडक नियम होता. पंखा कुरकुरला, मिक्सर अडला की काका त्याच्यावर तळहात ठेवायचे, मान तिरपी करून ऐकायचे आणि हळूच विचारायचे, "काय व्हयनं रे तुले?" मग गप्प. आपणही गप्प राहायचं. मध्ये कोणी बोललं तर ते हात वर करून थांबवायचे, जसं काही पेशंट नुकताच सांगायला लागला होता.

कारखान्यात त्यांच्या खात्याबाहेर म्हणे एक काळा फळा होता. एखादं मशीन बंद पडलं की त्यावर खडूने तीन गोष्टी लिहायच्या: मशीन कोणतं, कारण काय, आणि हात कोणाचा. लाज काढायला नाही, पुढच्या पाळीच्या माणसाने तीच चूक करू नये म्हणून. त्या तिसऱ्या रकान्यात देवरे हे नाव कधी लागलं नाही. ही गोष्ट काका लग्नात सांगायचे, बारशात सांगायचे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना सांगायचे. आम्ही कंटाळायचो, पण एक मात्र होतं. दुसरं काही म्हणून त्यांनी मिरवलं नाही. मुलगा बंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर, तेही कधी सांगितलं नाही. माणसाकडे अभिमानाची एकच वस्तू होती आणि ती म्हणजे आपल्या हाताने मशीन बंद पडत नाही.

गेटचं प्रकरण सांगायलाच हवं. आमच्या सोसायटीचं लोखंडी गेट उघडताना असं काही किंचाळायचं की पाथर्डी फाट्यापर्यंत ऐकू जावं. काकांना तो आवाज सहन होईना. त्यांनी एका सकाळी बिजागऱ्या खोलल्या, घासल्या, ग्रीस भरलं. गेट लोण्यासारखं फिरायला लागलं. झालं काय, की आमचा वॉचमन त्या आवाजावर जागा राहायचा. आता कोण आलं, कोण गेलं, त्याला पत्ताच लागेना. पंधरवड्यात दोन सायकली गेल्या. शेवटी सोसायटीची मीटिंग भरली आणि त्यात चक्क असा ठराव झाला की गेटचा आवाज पूर्ववत करण्यात यावा. काका उभे राहिले आणि म्हणाले, घाण काढायला सांगा, काढतो, परत घालायला सांगू नका, ते मला येत नाही. आणि खाली बसले. गेट आजही गुपचूप उघडतं. वॉचमन बदलला.

तर अशा माणसाच्या घरी मुलाने आपला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला. काका शिकायला माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं की ह्याला तेल कुठून देतात. मी हसले. त्यांना ते आवडलं नाही. मग विचारलं, साफ कधी करायचा. मी म्हटलं, काका, वरून धूळ पुसा, सहा महिन्यांनी आतला पंखा ब्रशने झटका, बस. त्यांचा चेहरा उतरला. ज्याला दर आठवड्याला साफ करावं लागत नाही त्याला मशीन म्हणायचं कसं, असा त्यांचा खरोखरचा प्रश्न होता.

आठच दिवसांत ते धाडधाड जिना उतरून क्लासमध्ये आले. मी मुलांना परिच्छेद कसा पाडायचा ते शिकवत होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तरीणबाई, आत सातशे चुका आहेत आणि तू मला टायपिंग शिकवत बसलीस."

मला लगेच कळलं काय झालं असणार. इंटरनेटवर कुठेतरी लाल पट्टी चमकली असणार, की तुमचा कॉम्प्युटर मंद झालाय, फुकट तपासून घ्या. काकांनी तपासून घेतला. त्या रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमने सातशे चुका काढून दाखवल्या. कोणत्याही कॉम्प्युटरवर काढतो. नव्या कोऱ्या कॉम्प्युटरवरही काढतो, त्याचं पोटच त्यावर आहे.

मी त्यांना बसवलं, चहा दिला, त्यांनी कप पुसला, आणि मी समजावलं. म्हटलं, आपल्या जिन्याखाली नावांचा बोर्ड आहे ना, कोण कुठल्या फ्लॅटमध्ये राहतं त्याचा, रजिस्ट्री म्हणजे तसा बोर्ड. कॉम्प्युटरमधला कोणता प्रोग्रॅम कुठे राहतो, त्याच्या काय सवयी, ते तिथे लिहिलेलं असतं. आता बोर्डावर दोन नावं जुन्या भाडेकरूंची राहिलीत. ते कधीच सोडून गेले. त्याने आपल्या बिल्डिंगला काही ओझं होतं का? जिना चढायला वेळ लागतो का? तशा ह्या सातशे चुका. पुसल्या तर फायदा शून्य. पण पुसताना राहत्या माणसाचं नाव पुसलं गेलं तर पोस्टमन परत जाईल.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे बोर्ड घाण आहे हे तुला मान्य आहे."

कपाळावर हात मारून घेतला मी.

तेव्हापासून त्यांचं सुरू झालं, ते पुढे काही वर्षं. रोज सकाळी पूजा आणि मग रजिस्ट्री. चुका शून्यावर आल्याशिवाय चहा नाही. आणि गंमत अशी, की रोज शून्यावर आणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस-पन्नास हजर. हे साहजिकच आहे, कॉम्प्युटर वापरला की नव्या नोंदी होतातच. पण काकांना वाटलं, कोणीतरी घाण करतंय. पहिला संशय काकूंवर. काकू दुपारी पत्ते खेळायच्या कॉम्प्युटरवर. त्यांना खेळायच्या आधी हात धुवायला लावले. चुका थांबल्या नाहीत. मग संशय इंटरनेटच्या वायरवर. बाहेरून काय काय येत असणार तिच्यातून. एक दिवस मी वर गेले तर भिंतीतून वायर घरात शिरते तिथे मलमलीचं फडकं दुहेरी करून बांधलेलं, दोरीने गच्च, पाण्याच्या नळाला बांधतात तसं. मी काकूंकडे बघितलं. काकू शांतपणे मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून ह्यांना घाण सापडत नव्हती गं. आता सापडलीय, तर असू दे."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. त्यानंतर मी वाद जरा कमी केला. माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाला कॉम्प्युटर नको होता, आपली गरज असलेलं एक मशीन हवं होतं.

पण काका एका प्रोग्रॅमवर थांबणारे नव्हते. कारखान्यात म्हणे एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासायचं अशी पद्धत. त्यांनी दुसरा सफाईवाला आणला. दुसऱ्याने पहिल्यालाच कचरा ठरवलं. तिसरा आणला, त्याने दोघांनाही. मग पहिला खवळला आणि तिसऱ्याला धोकादायक म्हणायला लागला. दर पाच मिनिटांनी एक जण पडद्यावर येऊन दुसऱ्याची चहाडी करायचा. त्यातच कुणाच्या तरी मागून एक पट्टी आली, ती इंग्रजीत वजन कमी करायच्या गोळ्या विकत होती. कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की काका बटण दाबून खाली दूध आणायला जायचे. मी म्हटलं, काका, हे तिघं काढून टाका, तो आपोआप पळायला लागेल. तर म्हणाले, कामावरची तीन माणसं भांडतात म्हणून खातं बंद करत नाहीत.

ह्या सगळ्या वेडेपणात एक गोष्ट मात्र चोख होती. साफ करायच्या आधी तो प्रोग्रॅम विचारायचा, काढलेल्या गोष्टींची प्रत ठेवू का? शंभरातले नव्व्याण्णव जण घाईत नाही म्हणतात. काका हो म्हणायचे. कारण मेंटेनन्सवाल्याचा नियम: मशीनमधून निघालेला नट असो की वॉशर, गंजलेला का असेना, तो डब्यात जातो, फेकायचा नाही. काकांकडे एक स्टीलचा डबा होता, शंकरपाळ्यांचा असावा मूळचा. त्यात नट, वॉशर, पिना, आणि त्यांच्यातच एक पेनड्राइव्ह. बिल्डिंगमधल्या ज्यांनी ज्यांनी काकांकडून कॉम्प्युटर साफ करून घेतले, त्या सगळ्यांची निघालेली घाण त्या पेनड्राइव्हवर नावानिशी ठेवलेली. आणि ज्यांनी ज्यांनी म्हणजे सगळ्यांनीच. काकांना नाही कोण म्हणणार? फक्त माझ्या क्लासचे कॉम्प्युटर मी त्यांना शिवू दिले नाहीत. आल्यावर ते त्यांच्याकडे असे बघायचे की मलाच कसंतरी व्हायचं.

आता सोनवणे. हा काकांच्याच हाताखाली तयार झालेला. नोकरी सोडून अंबडला गाळा घेतला आणि एक जुनं वायरकट मशीन टाकलं. बारीक तारेने लोखंडाचा ठोकळा कापतं ते. मशीनला एक जुना कॉम्प्युटर जोडलेला, त्यातल्या प्रोग्रॅमशिवाय ती तार हलत नाही. आणि तो प्रोग्रॅम चालायला कॉम्प्युटरच्या पाठीमागे पेनड्राइव्हसारखी दिसणारी एक चावी लावावी लागते. ज्यांनी तो प्रोग्रॅम बनवला ती कंपनीच आता उरलेली नाही. सोनवण्याचं सगळं घर त्या एका मशीनवर. त्या वर्षी त्याला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. दसऱ्यानंतर लगेच माल द्यायचा होता, नाही दिला तर काम दुसऱ्याकडे जाणार, हे गिऱ्हाइकाने तोंडावर सांगितलेलं.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा असते. त्याच्या आदल्या दिवशी सगळं धुऊनपुसून काढतात. सोनवण्याने दरवर्षीप्रमाणे काकांना बोलावलं. काकांनी वायरकट असं पुसलं की त्यात तोंड दिसावं. मग त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांची नजर गेली कॉम्प्युटरकडे. कारखान्याचा पहिला धडा असा, की मशीन साफ करायच्या आधी त्याला जोडलेलं सगळं सोडवायचं. काकांनी सोडवलं. प्रिंटर काढला, वायरी काढल्या, पाठीमागची ती चावी काढली, वेस्टने पुसून टेबलावर फडक्यावर मांडली. आणि मग रजिस्ट्री साफ केली. चुका शून्य आल्या. चावी पुन्हा लावली, आणि दुसऱ्या दिवशी पूजेला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होईना.

काका मला न्यायला आले तेव्हा मी पोळ्या करत होते. जरा चल, एवढंच म्हणाले. गाळ्यात गेलो तर हार घातलेलं ते मशीन मुकाट उभं. सोनवणे बाहेर रस्त्यावर फोनवर गिऱ्हाइकाच्या विनवण्या करत होता, त्याची बायको आत स्टुलावर बसून होती. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ: परवाना सापडत नाही. काकांनी कॉम्प्युटरवर तळहात ठेवलेला होता. त्यांनी त्याला काहीच विचारलं नाही.

मी विचारलं, काय काय केलंत? त्यांनी क्रमाने सांगितलं, एकही गोष्ट लपवली नाही. चावी काढून ठेवली हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, काका, राहता माणूस तुम्ही जरा वेळ बाहेर उभा केलात आणि तेवढ्यात बोर्ड पुसायला माणूस पाठवलात. त्याने बघितलं, घर रिकामं. नाव पुसून टाकलं. आता तो दारात उभा आहे आणि कोणी त्याला आत घेत नाही.

काका खाली बसले. खुर्ची होती, तरी जमिनीवर बसले, झेंडूच्या पाकळ्यांत. "म्हणजे माझ्या हाताने," एवढंच म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. सगळी वर्षं मी हेच म्हणत होते, आणि खरं ठरल्याचा मला काडीचा आनंद झाला नाही.

मग मीच विचारलं, "काका, डबा?"

ते उठले. स्कूटर काढून इंदिरानगरला गेले आणि डबा पुढे दोन्ही पायांमध्ये घट्ट धरून परत आले. नट-वॉशरांमधून पेनड्राइव्ह शोधला. त्यांना वाटलं मी त्यातून काहीतरी विशेष करणार. मी काही केलं नाही, बाजूला सरकले. म्हटलं, ही सोनवण्याची फाइल, त्या दिवशी साफ करताना तुम्हीच ठेवलेली. दोनदा क्लिक करा, काढलेलं सगळं परत जाईल. सगळंच, निवडून नाही.

"घाणीसकट?"

"घाणीसकट."

काकांचं बोट माउसवर बराच वेळ नुसतं होतं. गेटला ज्यांनी आवाज परत दिला नाही, ते देवरेकाका. मग त्यांनी दाबलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, प्रोग्रॅम उघडला, आणि तार हलली. तिच्यावर पाण्याची धार सुरू झाली. सोनवण्याची बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली.

तेवढ्यात सोनवणे आत आला. त्याने काय बघितलं? बंद मशीन चालू आणि खुर्चीवर देवरेकाका. त्याने काकांच्या पायांवर डोकंच ठेवलं. काका सांगायला गेले की बाबा रे, हे मीच, तर त्याने त्यांना बोलूच दिलं नाही. गिऱ्हाइकाला फोन लावला आणि अभिमानाने सांगितलं की आमचे गुरू आले, हात लावला, मशीन चालू.

माल वेळेवर गेला. सोनवण्याने गाळ्यात सत्यनारायण घातला आणि आजूबाजूच्या सगळ्या वर्कशॉपवाल्यांसमोर काकांना शाल आणि नारळ दिला. दोन शब्द बोला म्हणाले. काका उभे राहिले. आयुष्यभर जे लग्नात, बारशात सांगितलं, ते आज उलटं सांगायचं होतं. स्पष्ट बोलले, "मशीन मीच बंद पाडलं होतं. माझा हात होता."

टाळ्या पडल्या. इतक्या की प्रसादाचे द्रोण उडाले. शेजारी बसलेला एक जण मला म्हणाला, बघा, ह्याला म्हणतात मोठेपणा, शिष्याची चूक अंगावर घेतात. काका पुन्हा म्हणाले, नाही हो, खरंच मी. पुन्हा टाळ्या. तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, बुडणारा माणूस बघतो तसं. "मास्तरीणबाई, तू तरी सांग ह्यांना."

मी उभी राहिले. सगळं सांगितलं, चावी, बोर्ड, सफाई, सगळं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकमेकांकडे बघून हसले. मागून कोणीतरी म्हणालं, मॅडमचा स्वतःचा क्लास आहे ना कॉम्प्युटरचा. म्हणजे मी जळते, असं. मी खाली बसले आणि रागाने दोन द्रोण शिरा खाल्ला.

पुढचं तर विचारू नका. अंबडहून, सातपूरहून काकांना बोलावणी यायला लागली. आमचाही कॉम्प्युटर साफ करा. काका म्हणायचे, त्याची गरज नसते, उगाच धोका असतो. लोकांना वाटायचं, मोठा माणूस आहे, आढेवेढे घेणारच. पेढे घेऊन घरी यायचे. शेवटी काकांना जावंच लागायचं. तिथे ते रजिस्ट्रीकडे बघायचेही नाहीत. स्वतःच्या कॉम्प्युटरवरून तर त्यांनी तिन्ही सफाईवाले केव्हाच काढून टाकले होते. ते कॉम्प्युटरचं झाकण उघडून पंख्यातली धूळ ब्लोअरने उडवायचे, कीबोर्ड पुसायचे, तळहात ठेवून चौकशी करायचे आणि झालं म्हणायचे. तरी लोक म्हणायचे, फास्ट झाला काका.

एका दुपारी ते क्लासमध्ये येऊन बसले. अगदी हैराण. म्हणाले, मी काहीच करत नाही आणि सगळे म्हणतात फास्ट झाला. मी म्हटलं, इतकी वर्षं बिल्डिंगवालेही हेच म्हणत होते.

"म्हणजे तेव्हाही मी काहीच करत नव्हतो?"

"नाही."

मला वाटलं, आता उठून जातील. पण ते हसायला लागले. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि खिशातलं वेस्ट काढून डोळे पुसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

गेल्या वर्षी काका-काकूंनी सटाण्याला जाऊन राहायचं ठरवलं. सामानाचा टेम्पो गेटात उभा होता. काकू माझ्या गळ्यात पडल्या, आम्ही दोघी रडलो. काका कुठे दिसेनात. बघते तर क्लासमध्ये. माझा पांढरा फळा त्यांनी वेस्टने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लख्ख पुसला होता आणि मार्कर घेऊन, एका बाजूला, लिहीत होते. फोरमनचं अक्षर, मोठं आणि सरळ.

मशीन: सोनवणे यांचं वायरकट.
कारण: नको तिथे सफाई.
हात: देवरे.

मी दारात उभी होते. त्यांनी टोपण नीट बसवलं, मार्कर पुसला, जागेवर ठेवला. म्हणाले, सगळीकडे सांगून बघितलं, कोणी मानत नाही. कुठेतरी लिहिलेलं पाहिजे, नाहीतर दुसरा कोणी तेच करेल. मग दारातून जाताना थांबले. आयुष्यभर जे दिसेल ते पुसत आलेला तो माणूस मला म्हणाला, "हे पुसू नको."

टेम्पो निघाला तेव्हा काका ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांचा तळहात डॅशबोर्डवर होता, मान तिरपी, आणि ओठ हलत होते. ड्रायव्हर त्यांच्याकडे जरा घाबरून बघत होता. गेट काही आवाज न करता उघडलं.

मी आता उरलेल्या अर्ध्या फळ्यावर शिकवते. प्रत्येक नव्या बॅचमध्ये पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारतं, मॅडम, देवरे कोण? मग मी खडूची पेटी... छे, मार्कर खाली ठेवते आणि हे सगळं सांगते.